त्याची जागा, त्याचा कायदा? पार्किंगच्या हरवलेल्या पावतीची गोष्ट

आजचा एपिसोड परळीत सुरू होतो, मध्ये इंग्लंडला जाऊन येतो आणि परत परळीतच संपतो. विषय पाचशे रुपयांचा आहे.

झालं असं, की महाशिवरात्रीला अण्णा, आई आणि मी वैजनाथाच्या दर्शनाला गेलो. गर्दी कशी असते ते तुम्हाला माहितीच आहे. रस्त्याकडेला जागा नव्हती, म्हणून एका मोकळ्या प्लॉटमध्ये गाडी लावली. प्लॉट खाजगी, सणापुरतं केलेलं पार्किंग. पन्नास रुपये घेतले, हातात चिठ्ठी दिली. आईनं ती बेल-फुलांच्या पिशवीत ठेवली, आणि पिशवी मंदिरात रिकामी झाली. चार तास रांगेत उभं राहून परत आलो, तर गेटवरचा पोरगा म्हणतो, "पावती हरवली? पाचशे द्या."

मी म्हटलं, कुठं लिहिलंय? त्यानं पत्र्याच्या शेडकडं बोट केलं. तिथं खरंच बोर्ड होता. पण गाडी आत घातल्याशिवाय दिसणार नाही अशा ठिकाणी. मी चावी दाखवली, डिजिलॉकरमधून आरसी दाखवली. गेटची साखळी काही निघेना. मागं गाड्यांची लाईन लागली, हॉर्न सुरू झाले. आईचे पाय सुजले होते. शेवटी अण्णा म्हणाले, "दे रे बाबा. त्याची जागा, त्याचा कायदा." मी यूपीआयनं पाचशे पाठवले.

पैशापेक्षा अण्णांचं वाक्य डोक्यात बसलं. कारण आपल्या बीडमध्ये हे वाक्य एके काळी जवळजवळ शब्दशः खरं होतं.

बीड जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानातली सगळी जमीन एका प्रकारची नव्हती. दिवाणी म्हणजे सरकारी, सर्फ-ए-खास म्हणजे खुद्द निजामाची खाजगी, आणि तिसरी जहागिरी. जहागिरीच्या गावातला महसूल सरकारकडे न जाता जहागीरदाराकडे जायचा. मोठ्या जहागीरदारांचे तर स्वतःचे पोलीस होते, स्वतःची न्यायालयं होती. म्हणजे पैसे मागणारा तोच, अडवणारा तोच आणि निकाल देणारापण तोच. आता सांगा, असल्या ठिकाणी तक्रार कुणाकडे करणार?

याच्याही मागं जायचं तर मुघलांच्या काळात राहदारी नावाचा कर होता. रस्त्यानं माल न्यायचा तर वाटेत ज्याचा अंमल, त्याला पैसे. औरंगजेब, जो बादशहा होण्याआधी दोनदा दख्खनचा सुभेदार होता, त्यानं गादीवर आल्यावर राहदारी माफ केल्याचं फर्मान काढलं. खाफीखान हा त्या काळचा इतिहासकार लिहून ठेवतो, की फर्मान निघालं तरी जहागीरदार आणि फौजदार वसुली करतच राहिले. दिल्लीतला कागद आणि वाटेतली साखळी यांत फरक असतो, हे शेकडो वर्षांपूर्वीचं निरीक्षण आहे बर का.

निजामाच्या काळात जकात खात्याला करोडगिरी म्हणायचे. आमचं मूळ गाव आष्टी तालुक्यातलं. तिकडची हद्द नगर जिल्ह्याला लागते, आणि नगर तेव्हा इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. म्हणजे बाजाराला नगरला जायचं तर चक्क एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जायचं. आजोबा तेव्हा आठ-नऊ वर्षांचे. ते सांगायचे, की करोडगिरीच्या नाक्यावर बैलगाडी थांबायची, माल उतरवून दाखवायचा, पैसे भरायचे आणि मिळालेली पावती वडील फेट्यात खोवायचे. कारण पावती हरवली तर पुन्हा पैसे. शंभरातल्या नव्वद गोष्टी विसरलेल्या माणसाला ही पावती शेवटपर्यंत आठवत होती.

मग १९४८ ची पोलीस कारवाई झाली, संस्थान विलीन झालं. १५ ऑगस्ट १९४९ ला जहागिरी रद्द करणारा कायदा निघाला. हे आपण शाळेत शिकतो. पण १९५१ ची एक गोष्ट शाळेत कुणी सांगत नाही. हैदराबाद संस्थानाचे कायदे वेगळे होते. भारताचे बरेच केंद्रीय कायदे इथं लागू झाले ते १९५१ मध्ये, आणि त्यात एक होता भारतीय करार कायदा, मूळ १८७२ चा. माझ्या पाचशे रुपयांचं उत्तर या कायद्यात आहे.

आधी एक गोष्ट साफ करू. दंड, म्हणजे चलन, ते पोलीस किंवा आरटीओ करतात. खाजगी प्लॉटवाल्याला दंड करायचा अधिकार नाही. तो बोर्डावर 'दंड' लिहितो, पण त्याच्या-तुमच्यात जे आहे तो फक्त करार आहे. तुम्ही गाडी लावली, त्यानं जागा दिली. स्वतःच्या मोकळ्या प्लॉटचं भाडं घेणं यात काही गैर नाही. गुजरात हायकोर्टानं २०१९ मध्ये मॉलना पार्किंगचे पैसे घेता येणार नाहीत असं म्हटलं, पण तिथला मुद्दा वेगळा. मॉलला बांधकामाच्या नियमानुसार पार्किंग द्यावंच लागतं. शेतकऱ्याच्या पडीक प्लॉटला ते लागू नाही. सगळे व्हॉट्सॲप फॉरवर्ड हा फरक गाळतात, म्हणून सांगितलं.

तर पन्नास रुपये ठीक. पाचशेचं काय?

करार कायद्याचं कलम ७४. करार मोडला तर अमुक रक्कम द्यायची असं आधीच लिहून ठेवलं असेल, तर काय? इंग्लंडमध्ये कोर्टं तेव्हा दोन खाती करायची. नुकसानीचा प्रामाणिक अंदाज असेल तर पूर्ण रक्कम द्या, धाक दाखवायला लिहिलेली असेल तर ती रद्द. भारतासाठी कायदा लिहिणाऱ्यांनी ही भानगडच ठेवली नाही. लिहिलेली रक्कम ही फक्त वरची मर्यादा. कोर्ट त्याच्या आत वाजवी भरपाई देईल, बस. १९६३ मध्ये फतेहचंद विरुद्ध बालकिशनदास या खटल्यात सुप्रीम कोर्टानं हेच पक्कं केलं. कोडच्या भाषेत सांगायचं तर पाचशे ही मॅक्स व्हॅल्यू आहे, रिटर्न व्हॅल्यू नाही.

आता गंमत बघा. ज्या इंग्लंडकडून आपण कायदा घेतला, तिथं चेम्सफर्डमध्ये २०१३ साली बॅरी बीव्हिस नावाच्या माणसानं एका खाजगी पार्किंगमध्ये गाडी लावली. दोन तास फुकट होते. त्याला ५६ मिनिटं उशीर झाला आणि ८५ पौंडांची मागणी आली. हा गडी सुप्रीम कोर्टापर्यंत लढला. नोव्हेंबर २०१५ मध्ये हरला, सहा विरुद्ध एक. कोर्ट म्हणालं, पार्किंग रिकामं होत राहणं यात मालकाचं वाजवी हित आहे, आणि बोर्ड मोठे, ठळक, जागोजाग होते.

बोर्ड! मला शेडमागचा बोर्ड आठवला. याचा खटला आणखी जुना आहे. १९६४ मध्ये थॉर्नटन नावाचा ट्रम्पेट वादक बीबीसीच्या रेकॉर्डिंगला निघाला होता. लंडनच्या एका पार्किंगमध्ये मशीननं तिकीट दिलं, आणि 'इजा झाल्यास आम्ही जबाबदार नाही' ही अट आत, खांबावर. परत येताना त्याला तिथं अपघात झाला. न्यायमूर्ती डेनिंग म्हणाले, की मशीननं तिकीट दिलं तेव्हाच करार झाला. नंतर दिसलेली अट त्याला चिकटवता येत नाही. हा निकाल भारतातल्या कोर्टाला बांधील नाही, पण मुद्दा पटतो ना?

'गाडी मालकाच्या जबाबदारीवर' हे वाक्यसुद्धा ब्रह्मवाक्य नाही. दिल्लीतल्या हॉटेलातून १९९८ मध्ये एक मारुती झेन चोरीला गेली. चावी हॉटेलच्या माणसाकडे दिली होती. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की असं वाक्य छापून स्वतःच्या निष्काळजीपणातून सुटता येत नाही.

एवढं वाचून मला जोर चढला. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ काढला. त्यात 'अनुचित करार' अशी व्याख्याच आहे, नुकसानीच्या मानानं अवाच्या सवा दंड लावणारा करार त्यात बसतो. मग कळलं, की अनुचित कराराची तक्रार जिल्हा आयोगाकडे नाही, राज्य आयोगाकडे जाते. पाचशे रुपयांसाठी! इथं माझी हवा गेली. १९१५ ही ग्राहक हेल्पलाईन आहे, पण म्हटलं आधी सरळ बोलून बघू.

यूपीआयमुळे नंबर मिळाला. मी मेसेजमध्ये एवढंच लिहिलं: आरसी आणि चावी दाखवूनही पाचशे घेतले, बोर्ड बाहेरून दिसत नव्हता, कलम ७४ नुसार वाजवी तेवढेच ठेवा, बाकी परत करा. रात्री प्लॉटवाल्याचाच फोन आला. मला वाटलं आता शिव्या. पण तो म्हणाला, "दादा, मागच्या वर्षी एकानं पडलेली पावती उचलली आणि दुसऱ्याची मोटारसायकल घेऊन गेला. दहा जणांनी मला धरलं. पैसे मीच भरले. तेव्हापासून पाचशे लावलेत."

मी गप्प झालो. त्याचं चूक नव्हतं असं नाही, पण पावतीमागं कारण होतं. मी म्हटलं, मग आरसी बघा, गाडीसोबत माणसाचा फोटो काढा, नंबर लिहून घ्या, त्याचे वाटल्यास शंभर घ्या. आरसी दाखवणाऱ्याकडून पाचशे कशाचे? तो म्हणाला, बघतो.

दुसऱ्या दिवशी चारशे परत आले. अण्णांना स्क्रीनशॉट दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि विचारलं, "बोर्ड बाहेर लावला का त्यानं?"

ते मी विचारलंच नव्हतं. पुढच्या शिवरात्रीला बघून सांगतो. तुमच्या गावच्या यात्रेत अशी काही पावती मिळाली असेल तर फोटो पाठवा, मागची बाजूपण.