वाऱ्याची जहागीर

साल 1881. इराणच्या वाळवंटातल्या यज्द शहरात तुम्ही भर उन्हाळ्यात येऊन पोचला आहात. सोबत वाटाड्या नाही. सावली नेईल तिकडे चालायचं.

आधी बाजारात शिरा. घुमटांच्या भोकांतून उन्हाचे कवडसे गाठोड्यांवर उतरलेत. भाषा परकी, तरी 'बाजार', 'दुकान' कानावर आले की घरचं कुणी भेटल्यासारखं वाटतं. हातात घ्याल ते रेशीम तेराव्या शतकात मार्को पोलोनेही पाहिलं होतं. या शहराच्या नावावरून त्याला 'यज्दी' म्हणत.

जामे मशिदीची निळी कमान मागे टाकून गल्लीत वळा. दोन्ही बाजूंना माती-भुशाने लिंपलेल्या भिंती, डोक्यावर मधूनमधून कमानी. दारांवर दोन-दोन कड्या: पुरुषांसाठी जड दांडा, बायकांसाठी हलकं कडं. आवाजावरून आत कळतं, दार कुणी उघडायचं.

तहान लागली? आबअंबाराच्या, म्हणजे जमिनीखालच्या पाण्याच्या टाक्याच्या, पायऱ्या उतरा. एकेक पायरी गार होत जाते. इथलं पाणी डोंगरपायथ्याच्या विहिरीतून कनातीने, म्हणजे जमिनीखालच्या मंद उताराच्या बोगद्याने, मैलोन्‌मैल चालत आलेलं. उन्हाला त्याचा पत्ताच लागलेला नाही.

वर येऊन मान उंच करा. धाब्यांवर मातीचे मनोरे, त्यांना उभ्या फटी. हे बादगीर. 'बाद' म्हणजे वारा, 'गीर' म्हणजे धरणारा. आपल्या 'जहागिरी'तला 'गीर' तो हाच. एका अंगाने वारा धरून खाली खोलीत सोडायचा, दुसऱ्या अंगाने तापलेली हवा बाहेर काढायची. खाली हौद असेल तर वारा त्याचा गारवाही घेऊन येतो.

आता जरथुष्ट्री, म्हणजे पारशांच्याच धर्माच्या, लोकांच्या वस्तीकडे चला. इथे आकाश अचानक मोकळं होतं, कारण बादगीर एकही नाही. जरथुष्ट्रींना तो बांधायची मनाई आहे. भिंतही उभ्या माणसाचा हात पोचेल एवढीच. मग जमीन रस्त्याच्या पातळीखाली खणायची आणि तेवढी उंची खालून मिळवायची. घोड्यावर बसणं नाही, रंगीत अंगरखा नाही, वर बिगरमुस्लिमांवरचा जिझिया कर. वारा सगळ्यांवरून वाहतो, पण त्याची जहागीर सगळ्यांना दिलेली नाही.

ठेंगण्या दारातून वाकून आत जा. अंगणात सुरूचं झाड. घरातली माणसं आपसांत स्वतःची बोली बोलतात. शेकडो वर्षांच्या जाचातही ती सुटलेली नाही. त्यांच्या बोलण्यात एक नाव येतं: माणेकजी लिमजी हातरिया. मुंबईच्या पारशांनी 1854 मध्ये पाठवलेला हा माणूस अजून जिझियाविरुद्ध झगडतो आहे. पुढच्याच वर्षी, 1882 मध्ये, इराणचा बादशहा नासिरुद्दीन शाह तो कर रद्द करील. बादगिरावरची बंदी मात्र त्यानंतरही काही वर्षं उरेल.

इथली कित्येक माणसं मुंबई-पुण्याची वाट धरतील, तिथे हॉटेलं काढतील. यज्दहून परतल्यावर एखाद्या जुन्या इराण्याच्या हॉटेलात बसा. चहा येईपर्यंत वर पाहा. छत कुणाच्याही हाताला न लागण्याइतकं उंच आहे, आणि त्याखाली पंखा फिरतो आहे, आत येईल त्या प्रत्येकासाठी.