शिक्षकी कामाचे स्तर आणि अक्कलकोटचा द्विभाषिक वर्ग

प्राथमिक, माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षकांच्या कामातील भेद सामान्यतः अभ्यासक्रमाच्या काठिण्यावरून सांगितला जातो. पहिलीला शिकविणे सोपे आणि बारावीला शिकविणे अवघड, अशी समजूत त्यामागे असते. अक्कलकोट तालुक्याच्या संदर्भात ही समजूत कितपत टिकते, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

स्तरांची ही उतरंड फार जुनी नाही. गावठी शाळेतील पंतोजी धूळपाटीवरील अक्षरापासून मोडी वाचनापर्यंत व पाढ्यांपासून पावकी-निमकीपर्यंत सारे एकटाच शिकवीत असे. आजच्या अर्थाची इयत्ता तेथे नव्हती. 1854 च्या वुडच्या खलित्यानंतर 1855 मध्ये मुंबई इलाख्यात शिक्षण खाते स्थापन झाले. त्यानंतर देशी भाषेतील प्राथमिक शाळा, त्यावर इंग्रजी शिकविणारी माध्यमिक शाळा आणि त्यावर कॉलेज ही रचना पक्की होत गेली. व्हर्नाक्युलर फायनल उत्तीर्ण झालेल्यास प्राथमिक शिक्षक होता येई. हायस्कूलसाठी इंग्रजी शिक्षण आवश्यक ठरले. पात्रता, प्रतिष्ठा आणि पगार या तिन्ही बाबतींत प्राथमिक शिक्षक तळाशी राहिला. 1882 मध्ये हंटर आयोगापुढील निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी या शिक्षकास दरमहा किमान 12 रुपये व मोठ्या गावी 15 ते 20 रुपये मिळावेत, असे मांडले होते. पायाच्या कामाचे मोल त्यांनी ओळखले होते.

अक्कलकोट हे 1948 पर्यंत भोसले घराण्याचे संस्थान होते. विलीनीकरणानंतर ते सोलापूर जिल्ह्यात आले आणि 1962 मध्ये जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यावर प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. तालुक्यात मराठी, कन्नड व उर्दू या तिन्ही भाषा नांदतात. 1967 च्या महाजन आयोगाने हा तालुका तत्कालीन म्हैसूर राज्यास द्यावा, अशी शिफारस केली होती. ती अमलात आली नाही. तालुक्यात कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. परंतु कन्नडभाषक घरातील मूल मराठी शाळेत येते, तेव्हा शिक्षकाच्या कामाचे स्वरूपच बदलते.

मराठीत दगड पुल्लिंगी, वाट स्त्रीलिंगी, झाड नपुंसकलिंगी. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सरसकट नपुंसकलिंगी असतात. त्यामुळे 'ती वाट' का आणि 'तो रस्ता' का, याचे उत्तर मुलाच्या घरच्या भाषेत सापडत नाही. 'मी आंबा खाल्ला' आणि 'मी चिंच खाल्ली' यांत खाणारा एकच असता क्रियापद का बदलावे, हेही त्याला कोडेच. अंकगणितात तर अडचण दुहेरी होते. मराठीत 'एकवीस' म्हणताना आधी एक येतो, मग वीस. कन्नड 'इप्पत्तोंदु' मध्ये वीस आधी. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' अशा वाचनाचा पर्याय आला, तेव्हा राज्यभर थट्टा झाली. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांना त्याचे वारंवार समर्थन करावे लागले. थट्टा करणाऱ्यांपैकी किती जणांनी कन्नडभाषक मुलाला पंचवीस आणि बावन्न यांतला फरक शिकविला असेल?

माध्यमिक स्तरावर ही दरी अरुंद होते. इतिहास, भूगोल, विज्ञान, गणित हे शब्द दोन्ही भाषांत जवळजवळ सारखेच आहेत, कारण दोन्हींनी ते संस्कृतातून घेतले आहेत. विषयशिक्षकाचे काम विषय उलगडण्याचे व शालान्त परीक्षेची तयारी करून घेण्याचे असते. उच्च माध्यमिक शिक्षकाचे काम त्याहून एका विषयापुरते आवळलेले. ही कामे हलकी नाहीत, पण तेथे येणारा विद्यार्थी ऐकून समजू शकतो. ही समज खालच्या वर्गात घडविलेली असते. ती घडविणाऱ्या शिक्षकाला पोषण आहाराच्या नोंदीही ठेवाव्या लागल्या, आणि 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 ने जनगणना, आपत्ती निवारण व निवडणूक ही कामे त्याच्याकडे कायम ठेवली. गावोगावी हाताशी असणारा कर्मचारी प्राथमिक शिक्षकच असतो.

पात्रतेच्या कसोट्या मात्र वेगळ्याच दिशेने गेल्या. महाराष्ट्रात 2013 पासून शिक्षक पात्रता परीक्षा सुरू झाली. बालमानसशास्त्र, भाषा, गणित, परिसर अभ्यास हे सारे तीत आहे. मराठी शाळेत पहिलीला शिकवू पाहणाऱ्या उमेदवाराला वर्गातील मुलांची कन्नड समजते का, हा प्रश्न तीत नाही.