वाळवंटी अल्ट्रामॅरेथॉनचे छायाचित्रण

वाळवंटातून अनेक दिवस टप्प्याटप्प्याने चालणाऱ्या अतिदीर्घ धावशर्यतीची छायाचित्रे घेण्याचे काम. क्रीडा, निसर्ग आणि वृत्त या छायाचित्रणाच्या तिन्ही शाखा त्यात एकत्र येतात. मॅरेथॉनच्या ४२.१९५ किमी.पेक्षा जास्त अंतराच्या शर्यतीला अल्ट्रामॅरेथॉन म्हणतात.

पार्श्वभूमी : फ्रान्सच्या पात्रिक बोएर यांनी १९८४ मध्ये सहारात सुमारे ३५० किमी. एकट्याने पायपीट केली. त्या अनुभवातून १९८६ मध्ये मोरोक्कोत ‘मॅरेथॉन दे साब्ल’ ही शर्यत सुरू झाली. पहिल्या वर्षी २३ धावपटू होते. शर्यतीचे अंतर सुमारे २५० किमी. असते. धावपटू शिधा व झोपण्याची पिशवी पाठीवर वाहतात. पाणी आयोजक देतात. गोबी व आटाकामा वाळवंटांतही अशा शर्यती होतात. भारतात जैसलमेर–लोंगेवाला मार्गावर ‘द बॉर्डर’ ही शर्यत होते, मात्र ती सलग धावायची असते.

प्रकाश : उजळ वाळूमुळे कॅमेऱ्याचे मापन फसते आणि धावपटूचा चेहरा काळवंडतो, म्हणून एक्सपोजर साधारण एक स्टॉप वाढवतात. दुपारी तापलेल्या हवेमुळे टेलिफोटो लेन्समधून दूरचे दृश्य थरथरते व धूसर होते. अशा वेळी जवळ जाणे हाच खरा उपाय. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात वाळूच्या टेकड्यांना उठाव येतो. लांब टप्पा रात्रीही चालतो. तेव्हा ट्रायपॉड लावून दीर्घ एक्सपोजर दिल्यास कपाळदिव्यांची रांग टिपता येते.

साधने : बारीक वाळू सेन्सरवर आणि लेन्सच्या फटींत शिरते. त्यामुळे उघड्यावर लेन्स बदलण्याऐवजी वेगवेगळ्या लेन्स लावलेले दोन कॅमेरे बाळगतात. काच पुसण्याआधी ब्लोअरने कण उडवतात, नाहीतर ओरखडे पडतात. रोज रात्री छायाचित्रांच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवतात.

सुरक्षितता : १९९४ मध्ये ‘मॅरेथॉन दे साब्ल’च्या वेळी वाळूच्या वादळात वाट चुकलेले इटलीचे धावपटू माउरो प्रोस्पेरी नऊ-दहा दिवसांनी अल्जीरियात जिवंत सापडले. म्हणून छायाचित्रकारानेही जीपीएस व पुरेसे पाणी जवळ ठेवावे आणि आपला ठावठिकाणा आयोजकांना कळवत राहावे. बंगळूरच्या इलेक्ट्रॉनिक सिटीसारख्या, समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मी. उंचीवरील सौम्य हवेत राहणाऱ्याच्या शरीराला कोरड्या उन्हाची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात. तेवढा वेळ हाताशी ठेवूनच प्रवास आखावा.

नीती : छायाचित्रकाराने धावपटूची वाट अडवू नये. कोणी कोसळले, तर आधी वैद्यकीय पथकाला कळवावे, छायाचित्राचा विचार नंतर. उपचार घेणाऱ्याचे चित्र त्याच्या संमतीशिवाय प्रसिद्ध करू नये.

‘मॅरेथॉन दे साब्ल’मध्ये अनेक वर्षे सर्वांत मागे उंट चालत आणि ते ज्याला मागे टाकत तो धावपटू बाद होई. पहिला धावपटू आणि शेवटचा यांच्यात अनेक तासांचे अंतर पडते. विजेत्याचे चित्र घेऊन छावणीत परतणारा छायाचित्रकार केवळ निकाल नोंदवतो; या शर्यतीचे खरे स्वरूप दाखवायचे, तर शेवटच्या धावपटूपर्यंत थांबावे लागते.