मोडणाऱ्या दाराचं गणित

2010 ची दिवाळी. पवनी तालुक्यात मामाजींकडे गेलो होतो. दुपारी सगळे आडवे झाले आणि मी लॅपटॉपवर 'स्टार वॉर्स: द फोर्स अनलीश्ड' उघडला. डार्थ व्हेडरचा गुप्त शिष्य, हातात लाइटसेबर, आणि नुसता हात पुढे केला की समोरचं सगळं उडतं! एका जंगलातल्या लढाईत मी एक लाकडी तुळई फोडली. मागून आवाज आला, "लाकूड असंच तुटते, बावा."

मामाजी कधी मागे येऊन उभे राहिले होते कळलंच नाही. या गेमबद्दल मी बरीच परीक्षणं वाचली होती, पण इतकं अधिकारवाणीचं एकही नाही. कारण मामाजींनी स्वतःचं घर स्वतःच्या हाताने उतरवलं होतं. त्याबद्दल पुढे सांगतो.

त्याआधीच्या बहुतेक गेम्समध्ये मोडणं म्हणजे नाटक असायचं. कलाकार एक अख्खं दार काढायचा, एक मोडलेलं. गोळी लागली की पहिलं काढून दुसरं ठेवायचं, मध्ये थोडा धूर. दहा वेळा मोडा, दहाही वेळा तेच तुकडे. सप्टेंबर 2008 मध्ये लुकासआर्ट्सने हा गेम आणला तेव्हा ते नाटक मोडीत काढायचं ठरवलं होतं. त्यासाठी तीन इंजिनं एकत्र बांधली. उडणाऱ्या पडणाऱ्या टणक वस्तूंसाठी डब्लिनच्या कंपनीचं हॅवॉक. माणसांसाठी ऑक्सफर्डच्या नॅचरलमोशनचं युफोरिया: हवेत भिरकावलेला सैनिक आधीच काढून ठेवलेल्या अ‍ॅनिमेशनप्रमाणे पडत नाही, तोल सावरू बघतो, हाताला लागेल ते धरतो, कधी शेजारच्या सैनिकालाच! आणि मोडतोडीसाठी पिक्सेलक्सचं डिजिटल मॉलिक्युलर मॅटर, म्हणजे डीएमएम.

डीएमएममध्ये दार हे चित्र नसतं. ते चार-चार त्रिकोणी बाजूंच्या छोट्या ठोकळ्यांनी भरलेलं असतं. ठोकळ्यांना सांगितलेलं असतं की तुम्ही लाकूड, तुम्ही काच, तुम्ही लोखंड. धक्का बसला की प्रत्येक क्षणी ताण मोजायचा, सहन होईल त्यापेक्षा जास्त झाला की तिथे भेग. म्हणून लोखंडी दार आधी वाकतं, काच चुरा होते आणि लाकडाचे फाटे निघतात. (ज्यांच्याकडे प्लेस्टेशन 2 होता त्यांच्या नशिबी यातलं काहीच नव्हतं. ती आवृत्ती दुसऱ्या स्टुडिओने केली, आणि तिच्यात ना डीएमएम, ना युफोरिया.)

आता खरी गंमत. हे गणित गेमवाल्यांचं नाहीच! याचं नाव फायनाइट एलिमेंट मेथड. हे नाव बर्कलीच्या रे क्लफ यांनी 1960 मध्ये दिलं, आणि या पद्धतीच्या सुरुवातीच्या कामांतलं एक होतं अमेरिकेतल्या नॉरफोर्क धरणाला गेलेल्या तड्याचा अभ्यास. म्हणजे धरण!

आणि धरण म्हटलं की आपलं कोयना. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे भूकंप झाला, सुमारे 180 माणसं गेली. 103 मीटर उंचीचं धरण उभं राहिलं, पण वरच्या भागात तडे गेले, जिथे मागच्या बाजूचा उतार एकदम बदलतो तिथे. बर्कलीत अनिल चोप्रा आणि चक्रबर्ती यांनी याच पद्धतीने गणित मांडलं, 1973 मध्ये प्रसिद्ध केलं. ताण सगळ्यात जास्त कुठे आला? नेमका त्याच भागात. काँक्रीट कसं तडकतं याचं नवीन सॉफ्टवेअर लिहिणारे आजही ते तपासायला कोयनाचं उदाहरण घेतात.

पुढे 1999 मध्ये जेम्स ओब्रायन आणि जेसिका हॉजिन्स यांनी हीच पद्धत कॉम्प्युटर ग्राफिक्समध्ये वस्तू फोडायला वापरली. डीएमएम उभं राहिलं ते या संशोधनावर. ओब्रायनही नंतर बर्कलीतच प्राध्यापक झाले. 2015 मध्ये त्यांना ऑस्करवाल्या अकॅडमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. सोबत डीएमएम बनवणारे एरिक पार्कर, आणि त्यावर सिनेमासाठी मोडतोडीची प्रणाली रचणारे बेन कोल. त्या प्रणालीचं नाव काय? 'काली'!

थोडक्यात, धरण मोडू नये म्हणून वाढवलेलं गणित आपण दार मोडण्याच्या मजेसाठी वापरलं. यात वाईट काही नाही. पण एक गोष्ट प्रोग्रॅमरला लगेच कळते. त्या गेममध्येही सगळं जग मोडत नव्हतं. ठरावीक दारं, तुळया, काचा, झाडं. बाकी भिंती अमर. काय मोडायचं हे खेळणारा ठरवत नाही, नकाशा आखणारा आधीच ठरवून ठेवतो.

नकाशा म्हटल्यावर गोसीखुर्द आलंच. वैनगंगेवरच्या या धरणाची पायाभरणी 22 एप्रिल 1988 ला राजीव गांधींच्या हस्ते झाली. पूर्ण भरल्यावर पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून 245.5 मीटर. ती रेघ नकाशावर आखली गेली आणि तिच्या आतली घरं कोणती ते ठरलं. मामाजींचं घर आत होतं. कवेलू उतरवले, सागवानी मयाली सोडवल्या, दार चौकटीसकट काढलं. जे निघालं ते नव्या गावठाणात आणलं. मातीच्या भिंती तिथेच राहिल्या.

त्या दुपारी माझा माणूस मेला, गेम मागच्या टप्प्यापासून सुरू झाला. तीच तुळई, अख्खी.

"आता हे कसं जुडलं?" मामाजींनी विचारलं.

"पुन्हा सुरू केलं की सगळं आधीसारखं होतं, मामाजी."

ते काही बोलले नाहीत. थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "फोड बरं अजून एकदा."

मी फोडली. या वेळी फाटे वेगळे निघाले. त्यांनी मान डोलावली आणि चहा सांगायला आत गेले, त्याच जुन्या सागवानी दारातून. ते नव्या भिंतीत नीट बसत नाही, पावसाळ्यात अजूनही अडकतं. बदलायचं नाव कोणी काढत नाही.