इंजिन माउंटिंग, छोट्या मोटारगाडीचे

मोटारगाडीचे इंजिन व गिअरबॉक्स सांगाड्याला जोडणारा, रबर आणि धातू यांचा बनलेला लवचिक आधार. गॅरेजात त्याला ‘फाउंडेशन’ असेही म्हणतात. त्याची कामे तीन : इंजिनाचे वजन पेलणे, इंजिनाचा कंप सांगाड्यात जाऊ न देणे आणि चाकांना ओढ देताना इंजिन उलट्या दिशेने फिरू पाहते ते रोखणे. कंप अडवायला रबर मऊ हवे, इंजिन रोखायला ते कडक हवे. या दोन परस्परविरोधी गरजांमधली तडजोड म्हणजे माउंटिंगची रचना.

इतिहास : सुरुवातीच्या मोटारींत इंजिन थेट सांगाड्यावर बोल्टने आवळलेले असे. अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीने १९३१ मध्ये प्लिमथ गाडीत ‘फ्लोटिंग पॉवर’ ही रचना आणली. पुढे उंचावर आणि मागे गिअरबॉक्सखाली असे दोन रबरी आधार देऊन इंजिनाला स्वतःच्या गुरुत्वमध्यातून जाणाऱ्या अक्षाभोवती डोलू दिले होते. त्यामुळे चार सिलिंडरांच्या गाडीतही कंप बराच कमी जाणवू लागला. इंदापूर तालुक्यात वालचंदनगर वसवणारे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने याच क्रायस्लरच्या सहकार्याने मोटारनिर्मिती सुरू केली. पुढे तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट आणि पद्मिनी या गाड्या बाहेर पडल्या. त्यांत इंजिन उभे, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने होते व ओढ मागच्या चाकांना होती. १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० पासून आडवे इंजिन व पुढच्या चाकांना ओढ ही मांडणी भारतीय छोट्या गाड्यांत रूढ झाली आणि माउंटिंगवरील भाराचे स्वरूप बदलले.

भार : उभ्या इंजिनाच्या गाडीत शेवटची गतिघट मागच्या अॅक्सलमध्ये होते आणि तिची प्रतिक्रिया मागचे पाटे किंवा स्प्रिंग घेतात. आडव्या मांडणीत इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच धडात असतात, त्यामुळे चाकांना मिळणाऱ्या सगळ्या टॉर्कची प्रतिक्रिया माउंटिंगवर येते. इंजिनाचा टॉर्क ९० न्यूटन-मीटर आणि पहिल्या गिअरचे एकूण गुणोत्तर १४ धरले, तर ही प्रतिक्रिया १,२६० न्यूटन-मीटर भरते. पाचव्या गिअरमध्ये ती याच्या चौथा-पाचवा हिस्सा असते. म्हणून माउंटिंगची झीज नुसत्या किलोमीटरवर ठरत नाही. खालच्या गिअरमध्ये गाडी किती चालली यावरही ती अवलंबून असते.

प्रकार : छोट्या गाडीत सहसा तीन किंवा चार आधार असतात : टायमिंगच्या बाजूला एक, गिअरबॉक्सच्या बाजूला एक आणि खाली मागे टॉर्क रॉड किंवा तशाच कामाचा तिसरा आधार. पहिले दोन मुख्यतः वजन घेतात, तिसरा इंजिनाचे पुढे-मागे डोलणे आवरतो. साध्या माउंटिंगमध्ये पोलादी पट्ट्यांना नैसर्गिक रबर चिकटवलेले असते. द्रवभरित प्रकारात रबराच्या आत दोन कप्पे असतात व त्यांमधल्या अरुंद वाटेतून ग्लायकॉलयुक्त द्रव ये-जा करतो. त्यामुळे मोठे हेलकावे लवकर विरतात.

झिजण्याची कारणे व रूपे : उष्णता, ओझोन, गळणारे ऑईल आणि वारंवार बसणारे झटके यांमुळे रबर खराब होते. ते दोन रीतींनी बिघडते आणि लक्षणेही त्यानुसार वेगळी असतात.

(१) कडक होणे. चार-स्ट्रोक इंजिनात तीन सिलिंडर असतील, तर मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या आयडलवर सेकंदाला २० ज्वलने होतात. चार सिलिंडरांत सुमारे २७. माउंटिंगवर बसलेल्या इंजिनाची स्वतःची कंपसंख्या सेकंदाला १० असेल, तर तिच्या १.४ पटीपुढचा, म्हणजे सेकंदाला १४ पेक्षा जास्त वेगाचा कंपच रबर अडवू शकते. रबराचा कडकपणा दुप्पट झाला की कंपसंख्या १४ होते व ही मर्यादा २० वर जाते. मग तीन सिलिंडरांच्या गाडीचा आयडलचा कंप जवळजवळ तसाच स्टिअरिंग व सीटपर्यंत येतो, तर चार सिलिंडरांच्या गाडीत थोडे संरक्षण उरते. एसी चालू केल्यावर कंप वाढणे आणि अॅक्सिलरेटर किंचित दाबताच तो कमी होणे, ही याची खूण.

(२) फाटणे किंवा पट्टीपासून सुटणे. यात आयडल शांत असू शकते. पण गाडी सुरू वा बंद करताना, क्लच सोडताना, रिव्हर्स टाकताना ‘ठक्’ असा ठोका बसतो. गिअर लिव्हर हलतो, कधी गिअर अडकतो.

स्थानिक वापर : बारामती तालुक्यातील कन्हेरी आणि इंदापूरकडची गावे हा उसाचा पट्टा आहे. साधारण दिवाळीनंतर गाळप हंगाम सुरू झाला की रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या व बैलगाड्या असतात. त्यांच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, हाफ क्लचवर गाडी रेटावी लागते. आषाढात संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर या वाटेने जाते, तेव्हाही वाहने अशीच सरकतात. नीरा डाव्या कालव्याच्या कडेचे आणि वस्त्यांवर जाणारे कच्चे रस्ते, गतिरोधक आणि उन्हाळ्यात चाळिशीपार जाणारा पारा यांची त्यात भर पडते. अशा वापरात टॉर्क रॉडचे रबर वजन पेलणाऱ्या माउंटिंगच्या आधी जाण्याचा संभव अधिक, म्हणून तपासणी तिथून सुरू करणे सोयीचे.

निदान : कंप दिसला की माउंटिंग बदलणे ही सर्वसाधारण चूक आहे. तीन सिलिंडरांच्या इंजिनात थोडा कंप स्वाभाविक असतो, आणि इंजिन मिसिंग करत असेल तर नवे माउंटिंगही तो लपवू शकत नाही. आधी स्पार्क प्लग, इग्निशन कॉइल, इंजेक्टर व आयडलच्या फेऱ्या तपासाव्यात. सायलेन्सरचे टांगते रबर तुटून पाइप पत्र्याला लागत नाही ना, हेही पाहावे. कंप गाडीच्या वेगाबरोबर येत असेल आणि न्यूट्रलमध्ये तितक्याच फेऱ्यांवर येत नसेल, तर चाकांचे बॅलन्सिंग किंवा ड्राइव्ह शाफ्टचा सांधा संशयित ठरतो.

त्यानंतर बॅटरीच्या उजेडात प्रत्येक रबर पाहावे : भेगा, ऑईलचा ओलावा, द्रवभरित प्रकारात काळपट गळती, आणि धातूवर धातू आपटल्याच्या चकचकीत खुणा. वरवरच्या बारीक चिरा म्हणजे बिघाड नव्हे. चीर रबराच्या आरपार किंवा पट्टीच्या कडेने गेली असेल तर ती दखल घेण्याजोगी.

भाराखालच्या चाचणीसाठी बोनेट उघडे ठेवून हँडब्रेक ओढावा, चाकांना ओंडके लावावेत. एकाने ब्रेक पक्का दाबून पहिल्या व मग रिव्हर्स गिअरमध्ये क्लच जेमतेम पकडेपर्यंत सोडावा आणि लगेच दाबावा. दुसऱ्याने बाजूला उभे राहून इंजिन पाहावे. गाडीच्या पुढे-मागे कोणीही थांबू नये. इंजिन एका दिशेला जास्त उचलले जात असेल किंवा शेवटी ठोका देत असेल, तर त्या बाजूचे रबर गेले आहे. शेवटी लाकडी ठोकळा ठेवून जॅकने इंजिनाचा भार किंचित उचलावा. सुटलेल्या रबरात फट लगेच दिसते.

बदलणे : गाडी सपाट जागी, इंजिन थंड. खालून काम असेल तर गाडी स्टँडवर घ्यावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नये. इंजिनाला वरून आडव्या बारने आधार देणे उत्तम. खालून दिल्यास जॅक व इंजिनाखालचे ऑईलचे चेंबर यांत रुंद लाकूड हवे, नाहीतर पत्र्याचे चेंबर दबते व अॅल्युमिनियमचे तडकते. एका वेळी एकच माउंटिंग सोडावे. इंजिन गरजेपुरते काही मिलिमीटर खालीवर करावे आणि रेडिएटरचे होज, वायरिंग व सायलेन्सरच्या पाइपवर ताण येत नाही हे पाहावे. काही इंजिनांत टायमिंग बेल्ट बदलताना त्या बाजूचे माउंटिंग सोडावेच लागते, तेव्हा ते तपासून घेणे फायद्याचे.

नवे माउंटिंग बसवताना सर्व बोल्ट हाताने आटे धरेपर्यंत फिरवावेत. इंजिन पहारीने ओढून भोके जुळवली, तर नवे रबर पहिल्या दिवसापासून पिळलेले राहते आणि कंप कायम राहतो. म्हणून जॅक काढून, गाडी चाकांवर उभी करून, इंजिन आपल्या जागी स्थिरावल्यावरच शेवटची आवळणी करावी. त्यासाठी टॉर्क रेंच आणि त्या मॉडेलच्या पुस्तकातील आकडा वापरावा. कोनात आवळायचे बोल्ट सहसा नवे घालावे लागतात. नंतर वरील भारचाचणी पुन्हा करावी.

सुट्या भागांची निवड : एक माउंटिंग फाटले की त्याचा भार उरलेल्यांवर पडतो, म्हणून सगळी तपासावीत, मात्र चांगली असलेली बदलण्याची गरज नसते. पॉलियुरेथेनची कडक माउंटिंग शर्यतीच्या गाड्यांत चालतात, रोजच्या गाडीत ती कंप वाढवतात. फटीत टायरचा तुकडा किंवा वॉशर घालणे ही गॅरेजपर्यंत पोचण्याचीच सोय. दुरुस्ती लांबवल्यास सायलेन्सरचा लवचिक पाइप, ड्राइव्ह शाफ्टचे सांधे व गिअर केबल यांना झळ पोचते. माउंटिंग पूर्ण तुटले असेल तर गाडी चालवू नये.

विजेवरील गाड्या : छोट्या विद्युत मोटारींत आयडल नाही, त्यामुळे कडक झालेल्या रबराचे नेहमीचे लक्षण दिसत नाही. मोटर मात्र शून्य वेगापासूनच पूर्ण टॉर्क देते व ती प्रतिक्रिया माउंटिंगच घेते. तेथे निदान निघताना आणि ब्रेकिंगमधून वीज परत मिळवताना बसणाऱ्या ठोक्यावरून करावे लागते.