लव्हेंडर : वनस्पती, वर्ण आणि शब्द

आजच्या व्याख्यानाचा विषय वरवर पाहता इतिहासाचा वाटणार नाही. लढाया, तह, राज्यारोहणे यांची नोंद कागदोपत्री सापडते. शब्दांच्या पोटात जी नोंद दडलेली असते ती मात्र सहसा कोणी उकलून पाहत नाही. आम्ही आज 'लव्हेंडर' हा एकच शब्द हाती घेतला आहे. त्या नावाचे एक झुडूप आहे आणि एक रंग आहे. विसाव्या शतकात त्याच नावाने अमेरिकेत हजारो माणसांवर एक शिक्काही बसला. ज्या शब्दाशी धुण्याचे नाते जोडले गेले, तोच शब्द डाग लावण्याच्या कामी कसा आला, आणि ज्यांना तो डाग लावला त्यांनी त्याचे पुढे काय केले, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.

प्रथम वनस्पतीचा विचार करू. आपली अंगणातील तुळस, सब्जा आणि पुदिना ज्या कुळातील, त्याच कुळातील हे झुडूप आहे. अत्तरांसाठी ज्याची ख्याती आहे ते लव्हेंडर दक्षिण युरोपातील डोंगरउतारांवरचे. तथापि या वंशात चाळीसांहून अधिक जाती आहेत आणि त्यांचा मुलूख अटलांटिक महासागरातील बेटांपासून भूमध्यसमुद्राचा काठ, अरबस्तान असा पसरत थेट हिंदुस्थानापर्यंत येतो. त्याचे पूर्वेकडील एक टोक आपल्या सह्याद्रीत आहे. येथील एका जातीला वनस्पतिशास्त्रात गिब्सन यांचे नाव मिळाले आहे. डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे पुण्याजवळच्या दापोडी येथील सरकारी वनस्पती-उद्यानाचे प्रमुख होते. पुढे १८४७ साली ते मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. त्यांच्या नावे ही जात नोंदविली जॉन ग्रॅहॅम यांनी. ग्रॅहॅम हे मुंबईच्या टपाल खात्यातील वरिष्ठ अधिकारी. मुंबई आणि आसपासच्या वनस्पतींची सूची छापून पुरी होण्याआधीच १८३९ च्या मे महिन्यात त्यांना खंडाळ्यास मृत्यू आला आणि उरलेले काम त्यांचे स्नेही निम्मो यांनी तडीस नेले. सांगण्याचा मुद्दा हा की, ज्याला आपण सर्वस्वी परदेशी समजतो त्याचे सगेसोयरे आपल्या डोंगरावर पूर्वापार उभे आहेत. परके आहे ते केवळ नाव.

आणि ते नावही एक नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक वैद्य डायॉस्कोरिडीस याने आपल्या औषधिग्रंथात 'स्टोइखास' नावाच्या वनस्पतीचे वर्णन केले आहे. आजच्या मार्सेय शहरासमोर ओळीने जी बेटे आहेत, त्यांच्या नावावरून तिला हे नाव पडले असे तो सांगतो. ही लव्हेंडरचीच एक जात होय. ग्रीक वैद्यक अरबांनी आपलेसे केले तेव्हा या शब्दाचे 'उस्तुखुद्दूस' झाले, आणि हकिमांच्या बरोबर तो हिंदुस्थानात आला. आजही युनानी औषधांच्या दुकानात उस्तुखुद्दूस मागितले तर वाळलेली फुले पुडीत बांधून मिळतात. हकीम या औषधाला फारसीत 'जारूब-ए-दिमाग' म्हणतात. जारूब म्हणजे केरसुणी. डोक्यात साचलेला मळ झाडून काढणारी ही मेंदूची केरसुणी, अशी त्यामागची कल्पना. फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या बेटांचे नाव ग्रीक, अरबी, फारसी असा प्रवास करून भेंडीबाजारात येते, यापरते शब्दाच्या भटकंतीचे दुसरे उदाहरण कोणते द्यावे!

युरोपात मात्र दुसरेच नाव रुळले. प्राचीन लॅटिनमध्ये ते आढळत नाही. मध्ययुगीन लॅटिनमध्ये 'लाव्हेंडुला' आणि 'लिव्हेंडुला' अशी दोन रूपे दिसतात. पहिले रूप पाहून विद्वानांनी त्याचा संबंध 'लावारे', म्हणजे धुणे, या धातूशी लावला. दुसऱ्या रूपावरून काहींना असे वाटते की, मूळ धातू 'लिव्हेरे', म्हणजे निळसर दिसणे, हा असावा, आणि धुण्याचा अर्थ लोकांनी मागाहून चिकटविला असावा. या वादाचा निकाल लागलेला नाही. आम्हांला त्यातील दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. धातू कोणताही असो, लोकांनी धुण्याचाच अर्थ मनात धरला, कारण त्यांचा रोजचा अनुभव तोच होता. स्नानाच्या पाण्यात ही फुले टाकीत. धुतलेल्या चादरी, अंगरखे पेटीत ठेवताना घड्यांत त्यांच्या जुड्या ठेवीत. आपल्याकडे वाळा, कपूरकाचरी किंवा कडुनिंबाचा पाला ठेवतात, तसेच हे. मध्ययुगीन इंग्रजीत तर 'लव्हेंडर' या रूपाचा एक शब्द परीट आणि परटीण यांनाच लावीत. त्याचाच संकोच होऊन 'लाँडर' झाले, आणि आपल्या प्रत्येक आळीत जिची पाटी दिसते ती 'लाँड्री' त्याच घराण्यातली.

व्यापाराची हकीकत थोडक्यात सांगतो. लंडनजवळील मिचम गाव अठराव्या शतकापासून लव्हेंडरच्या शेतांसाठी प्रसिद्ध होते. शहर वाढले आणि शेते त्याच्या पोटात गेली. फ्रान्समध्ये प्रोव्हान्सच्या डोंगरांवर कापणी होई आणि ग्रास गावच्या अत्तरकारांकडे तेल जाई. विसाव्या शतकात 'लाव्हांदँ' नावाचा संकर पुढे आला. त्याला बी धरत नाही, फांद्या लावूनच तो वाढवावा लागतो. परंतु तेल पुष्कळ देतो. साबण आणि धुण्याची पावडर यांना जो वास असतो तो बहुधा याच संकराचा. धुण्याशी जोडलेले नाते असे कारखान्यातही टिकले.

आता रंगाकडे वळू. फळाफुलांवरून रंगाला नाव देण्याची रीत आपल्याला नवी नाही. जांभळा, नारिंगी, डाळिंबी, अबोली, मोरपिशी असे शब्द आपल्या लुगड्यांच्या दुकानात रोज ऐकू येतात. युरोपातही तसेच घडले. मात्र तेथे जांभळ्या छटांचा रंग दीर्घकाळ महाग होता आणि म्हणून थोरामोठ्यांचा होता. १८५६ साली विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा इंग्रज विद्यार्थी डांबरापासून क्विनाइन बनवू पाहत होता. क्विनाइन साधले नाही, पण त्या खटपटीत एक जांभळा रंग हाती लागला. रसायनशाळेतला हा रंग कापडाच्या गिरण्यांत गेला आणि फिकट जांभळी वस्त्रे सामान्य बायकांच्या अंगावर आली. व्हिक्टोरिया राणीच्या काळी सुतकाचे नियम कडक होते. काळ्या पोशाखाची मुदत संपली की अर्ध्या सुतकाचा पोशाख येई, आणि करडा व लव्हेंडर हे त्याचे रंग. पूर्ण शोक नव्हे आणि पूर्ण आनंदही नव्हे, असा हा मधला रंग. तो नाजूक, बायकी आणि घरंदाज समजला जाऊ लागला.

येथूनच शब्दाचे दुसरे आयुष्य सुरू होते. जो रंग बायकी ठरला, तो पुरुषाच्या नावाला जोडला की टोमणा होतो. १९२६ साली कार्ल सॅण्डबर्ग यांनी अब्राहम लिंकनच्या चरित्रात त्याच्या एका जिवलग मित्राविषयी लिहिताना हाच शब्द योजला. अमेरिकन वाचकाला त्यातील सूचन समजत होते. पुढे राजकारणी लोकांनी सूचकतेचा पडदाही ठेवला नाही. 'लव्हेंडर पोरे' हा शब्दप्रयोग सिनेटर डर्कसन यांच्या तोंडी होता.

१९५० चा फेब्रुवारी महिना. सिनेटर मॅकार्थी यांनी परराष्ट्र खात्यात कम्युनिस्ट शिरले आहेत अशी आरोळी ठोकली. त्याच महिन्याच्या अखेरीस खात्याचे अधिकारी जॉन प्यूरिफॉय यांनी सिनेटच्या समितीपुढे सांगितले की, जे लोक खात्यातून गेले त्यांत ९१ समलिंगी होते. सरकारी युक्तिवाद असा : अशा माणसांना शत्रूचे हेर उघडकीस आणण्याची धमकी देऊन गुपिते काढून घेतील. सिनेटने चौकशी केली. तिच्या अहवालात या धोक्याचे ठळक उदाहरण म्हणून कोण यावा? ऑस्ट्रियाचा कर्नल रेड्ल, जो १९१३ सालीच मेला होता! एका अमेरिकन नोकराने या धमकीपायी गुपित विकल्याचा दाखला समितीला देता आला नाही. तरीही २७ एप्रिल १९५३ रोजी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १०४५० क्रमांकाचा हुकूम काढला आणि 'लैंगिक विकृती' हे नोकरीस अपात्र ठरविण्याचे कारण झाले. हजारोंची नोकरी गेली. पुष्कळांनी राजीनामे दिले आणि कारण घरीही सांगितले नाही. काहींनी जीव दिला. इतिहासकार डेव्हिड जॉन्सन यांनी २००४ साली या प्रकरणावर ग्रंथ लिहून 'लव्हेंडर भय' हे नाव सर्वतोमुखी केले.

काढून टाकलेल्यांपैकी एकजण गप्प बसला नाही. फ्रँक कॅमेनी हा महायुद्धात लढलेला, हार्वर्डची डॉक्टरेट मिळविलेला खगोलशास्त्रज्ञ. लष्कराच्या नकाशा खात्यातून त्याला १९५७ साली काढले. त्याने स्वतःच अर्ज लिहून सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागितली. १९६१ साली न्यायालयाने तो ऐकण्याचे नाकारले. १७ एप्रिल १९६५ रोजी कोट-टाय घातलेली मूठभर माणसे फलक घेऊन व्हाइट हाउससमोर फेऱ्या मारू लागली, त्यांत तो होता. त्याच्या म्हणण्यातील तर्क साधा होता : धमकी तेव्हाच चालते जेव्हा सरकार स्वतः ती गोष्ट लाजिरवाणी ठरविते. मुलकी नोकरीचे नियम १९७५ साली बदलले. २००९ साली सरकारने कॅमेनीची रीतसर माफी मागितली. तेव्हा तो चौऱ्याऐंशी वर्षांचा होता. १०४५० क्रमांकाचा हुकूम अखेर २०१७ च्या जानेवारीत रद्द झाला.

शब्दाचे काय झाले? अमेरिकेतील स्त्रीमुक्ती चळवळीच्या पुढारी बेट्टी फ्रीडन यांना समलिंगी स्त्रियांमुळे चळवळीला बट्टा लागेल असे भय वाटले, आणि १९६९ साली त्यांनी त्यांना 'लव्हेंडर संकट' म्हटले. शिक्का मारणारे केवळ सत्ताधारीच असतात असे नाही, हे येथे ध्यानी घ्यावे. १ मे १९७० रोजी न्यूयॉर्कमध्ये स्त्रियांची परिषद भरली असता सभागृहातले दिवे एकाएकी गेले. दिवे लागले तेव्हा तेथे कित्येक स्त्रिया उभ्या होत्या. त्यांच्या सदऱ्यांवर तोच शब्द छापलेला होता. सदरे त्यांनी त्याच रंगात बुडवून काढले होते. जी शिवी होती ती त्यांनी अंगावर घातली. १९९५ पासून अमेरिकेतील विद्यापीठांत समलिंगी विद्यार्थ्यांसाठी याच रंगाच्या नावाने पदवीदानाचे समारंभ होऊ लागले.

हे दूरदेशीचे पुराण म्हणून कानाआड करता येणार नाही. आपल्याकडे १८६० च्या दंडविधानातील ३७७ वे कलम असाच शिक्का मारीत होते; प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांना ते लावता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी दिला. कायद्यातला शिक्का एका दिवसात पुसता येतो. बोलण्यातला मात्र बोलणाऱ्यांनाच पुसावा लागतो, आणि मराठीतही असे हलके शब्द थोडे नाहीत.

झुडूप आपल्या जागी आहे. जम्मूच्या डोडा जिल्ह्यात भद्रवाहचे शेतकरी मक्याच्या जागी लव्हेंडर लावून तेल काढू लागले आहेत, आणि पावसाळा सरत असता सह्याद्रीवर गिब्सनच्या नावाची जात नेहमीप्रमाणे फुलते. त्या फुलाला ना धुण्याचा अर्थ ठाऊक, ना सुतकाचा, ना शिवीचा. हे सारे अर्थ माणसांनी घातले, म्हणून ते बदलण्याचे कामही माणसांचेच आहे. एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.