दमसास (सुषिर वाद्यांतील)

फुंकून वाजवायच्या वाद्यांत हवेचा दाब हवा तसा आणि हवा तितका वेळ टिकवण्याची क्षमता. हा दाब पोट व बरगड्यांच्या स्नायूंनी सांभाळायचा असतो. गळा ही हवेची वाट. गळा आवळून फुंक अडवली, की सूर चोंदतो आणि वादक लवकर दमतो.

कार्य : छाती पूर्ण भरली की फुप्फुसे व बरगड्या आपोआप परतू लागतात आणि सुमारे ३ किलोपास्कल दाब निर्माण होतो. बासरीला खालच्या सप्तकात १ किलोपास्कलही लागत नाही. त्यामुळे सुराच्या आरंभी बरगड्या फुललेल्या ठेवून दाब रोखावा लागतो आणि श्वास सरत आला की पोटाने जोर लावावा लागतो. नवशिका हा लगाम गळ्याने घालतो. ताणाचे मूळ बहुधा तेथेच असते. सनईसारख्या दुहेरी पत्तीच्या वाद्याला दाब बराच जास्त लागतो, हवा मात्र थोडी. तेथे दम संपण्याआधी शिळी हवा छातीत कोंडते. नवा श्वास घेण्यापूर्वी ती सोडावी लागते.

नंदुरबार परिसर : मोलगी भागात होळीचे नाच ढोल व बासरीच्या साथीने रात्रभर चालतात, काठी गावची राजवाडी होळी त्यांत विशेष प्रसिद्ध आहे. मोठ्या ढोलांपुढे बासरी ऐकू जावी म्हणून जोर लावावासा वाटतो. पण जोर मर्यादेबाहेर गेला, की खालचा सूर थेट वरच्या सप्तकात चढतो. कोकणा समाजात डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात वाजणाऱ्या पावरी या भोपळ्याच्या वाद्याची गोष्ट निराळी. तिच्या पत्त्या (जिभा) भोपळ्याच्या आत असतात, त्यांना ओठ लागत नाहीत. सनईवादक पत्ती ओठांत दाबून सूर सावरू शकतो; पावरीवादकाच्या हाती सूर टिकवायला फुंकच असते. गालांत साठवलेली हवा दाबत तो नाकाने श्वास घेतो, म्हणून नाद तुटत नाही. पालघरकडील तारपा या वाद्याचेही तंत्र हेच.

गळ्याचा ताण : मानेच्या शिरा फुगणे, खांदे वर चढणे, सुराबरोबर घशातून घरघर येणे ही त्याची लक्षणे. जास्त दाबाच्या वाद्यांत मऊ टाळू थकली, तर हवा नाकातून निसटते. मात्र गळा ताणून रुंद करणे हा उपाय नव्हे. दुर्बिणीतून पाहिले असता अनुभवी वादकांच्या स्वरतंतूंमधली फटही वाजवताना काहीशी अरुंद झालेली आढळते. गळा सैल असावा, ताणून उघडलेला नसावा.

सराव : जांभई येते तसा श्वास आत घ्यावा, खांदे हलू देऊ नयेत आणि एकच सूर मध्यम आवाजात लांबवावा. बरगड्यांवर तळहात ठेवल्यास त्या सावकाश मिटताना जाणवतात. एकदम ढासळल्या, तर लगाम सुटला असे समजावे. अखंड फुंकेसाठी पाण्याच्या पेल्यात बारीक नळी बुडवून फुंकतात. नाकाने श्वास घेतानाही बुडबुडे थांबले नाहीत, की मग वाद्य हाती घ्यावे.